चिंबोरीचे डेंगे आणि रेझिनचे मणी: चिलेटिंग रेझिन ही काय भानगड आहे?

आमच्या सोसायटीत मे महिन्यात टँकर सुरू झाले, त्यात बोअरचं पाणी मिसळायला लागले, आणि मग गिझरच्या कॉइलवर पांढरे थर, बादलीला कड, डाळ शिजता शिजेना, हे सगळं एजीएममध्ये आलं. बीएमसीचं पाणी तलावांचं, मुळात मऊ, त्यामुळे मुंबईकराला जड, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या 'कठीण', पाण्याची सवयच नाही. शेवटी सॉफ्टनर बसवला. बसवणाऱ्याने "आत रेझिन आहे, अधूनमधून मीठ टाकायचं" एवढंच सांगितलं आणि निघून गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मला जिन्यात गाठलं, कारण बिल्डिंगमध्ये लॅबवाली मी एकटीच. "अगं, पाणी सुधारायला मीठ कशाला?" प्रश्न रास्त होता. मी सांगतेय तोवर त्यांची नात मधेच म्हणाली, ताई, ते पेपरात येतं ना, डीएनए नमुने कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबला पाठवले, तर रक्ताच्या एवढ्याशा डागातून डीएनए काढतात म्हणजे नक्की करतात काय?

मला हसू आलं कारण दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात प्लास्टिकचे बारीक मणी आहेत. एका घरातले, पण स्वभाव वेगळे. जिन्यात जेवढं जमलं तेवढं सांगितलं, बाकीचं इथे लिहितेय.

## आधी साधं रेझिन

पाण्यात विरघळलेला धातू किंवा क्षार विद्युतभार घेऊन फिरत असतो, त्या भारवाल्या कणाला आयन म्हणायचं. सोडियमवर एक धन भार, कॅल्शियम-मॅग्नेशियमवर दोन. पाणी जड होतं ते या शेवटच्या दोघांमुळे.

रेझिनचा मणी म्हणजे पॉलिस्टायरीन. पूर्वी गणपतीच्या मखराला वापरायचे ते थर्माकोल ज्याचं असतं तेच प्लास्टिक, फक्त फुगवलेलं नाही, आणि आत साखळ्या एकमेकींना आडव्या टाक्यांनी शिवलेल्या, म्हणजे पाण्यात फुगेल पण विरघळणार नाही. या साखळ्यांवर ऋण भाराच्या जागा लावलेल्या असतात. या जागा लोकलच्या सीटसारख्या, रिकामी कधीच राहत नाही. सुरुवातीला सगळीकडे सोडियम बसलेला. जड पाणी आलं की दोन-भारवाला कॅल्शियम दोन सोडियमना उठवून बसतो. सगळीकडे कॅल्शियम बसला की मिठाचं कडक पाणी सोडायचं, मग सोडियमची एवढी गर्दी आत घुसते की विरारच्या गाडीत आधी बसलेल्याचंही काही चालत नाही, कॅल्शियम उठतो आणि गटारात जातो. काकांचं मीठ ते हे. मीठ पाण्यात घालायला नाही, सीटा परत मिळवायला.

अशी आयनांची अदलाबदल मातीत होते हे इंग्लंडमध्ये १८५० च्या सुमारास थॉम्पसन आणि वे यांनी दाखवलं होतं. खत घातलेल्या मातीतून पाणी जाऊ दिलं तर अमोनिया मागे राहतो आणि कॅल्शियम बाहेर येतो. मानवनिर्मित रेझिन आलं ते १९३५ मध्ये, अ‍ॅडम्स आणि होम्स यांच्याकडून.

पण साध्या रेझिनला माणसं ओळखता येत नाहीत. ते बघतं फक्त भार किती आणि गर्दी किती. लॅबमध्ये नेमकं तिथेच अडतं.

## चिंबोरी इथे येते

खेली म्हणजे ग्रीकमध्ये खेकड्याची नांगी, त्यावरून १९२० मध्ये मॉर्गन आणि ड्रू यांनी 'चिलेट' हा शब्द काढला. गावाकडे कृषी केंद्रात 'चिलेटेड झिंक' मिळतं तोच शब्द. पण आपण मुंबईतले, आपल्याला ग्रीक कशाला, चिंबोरी आणि तिचे डेंगे पुरेत.

एका बोटाने काचेची गोटी उचलून बघा, नाही जमत. दोन बोटं आणि अंगठा लावला की पक्की बसते. साध्या रेझिनची पकड एका बोटाची. चिलेटिंग रेझिनमध्ये मण्यावर अशी रचना बसवलेली असते की एकाच धातूच्या कणाला ती तीन बाजूंनी धरते. सगळ्यात जास्त वापरात असलेली रचना इमिनोडायअ‍ॅसिटेट, नाव लांबलचक आहे पण आत एवढंच, मधे एक नायट्रोजन आणि दोन बाजूंना दोन आम्लाच्या शेपट्या. नायट्रोजन धरतो, दोन्ही शेपट्यांचे ऑक्सिजन धरतात, झाली तीन बोटं. लॅबमध्ये चेलेक्स-१०० नावाची जी बाटली असते ती हीच.

आणि या डेंग्याला आवडनिवड आहे. सोडियम-पोटॅशियम एका भाराचे आणि पकडायला गुळगुळीत, त्यांना तो जवळजवळ विचारत नाही. दोन-भारवाल्यांना त्यांच्यापेक्षा सुमारे ५००० पट जास्त पसंती. त्यांच्यातही तांबं म्हटलं की जीव टाकतो, मग शिसं, निकेल, जस्त असं करत करत कॅल्शियम बराच खाली.

आता ईडीटीए नावाचं असंच धातू धरणारं एक रसायन आहे, त्याला सहा बोटं असतात आणि तो स्वस्तही आहे, मग मण्यांचा खटाटोप कशाला? कारण ईडीटीए पाण्यात विरघळतो. त्याने धातू पकडला तरी दोघं मिळून तिथेच पोहत राहतात आणि पुढच्या प्रयोगात लुडबुड करतात. मण्याला मात्र डेंगा शिवलेला आहे. मणी खाली बसला, गाळला, धातू त्याच्याबरोबर गेला. चिंबोरीने मासा धरला आणि तुम्ही अख्खी चिंबोरीच टोपलीत उचलली.

## डेंगे बांधलेले असले तर?

बाजारात मावशी चिंबोऱ्या देते तेव्हा डेंगे सुतळीने बांधून देते. तशीच चिंबोरी, तेवढीच ताकद, पण काही पकडू शकत नाही. चिलेटिंग रेझिनमध्ये सुतळीचं काम हायड्रोजन आयन करतो, म्हणजे आम्ल. पाणी आंबट असलं की हायड्रोजन जाऊन नायट्रोजनवर आणि शेपट्यांवर बसतो. पाणी अल्कधर्मी केलं की सुतळी सुटते.

लॅबमधली निम्मी भांडणं या एका मुद्द्यावरून होतात. रेझिन खराब आहे, कंपनीने जुना माल दिला, असं कोणी म्हणालं की मी आधी पीएच, म्हणजे पाणी किती आंबट किंवा अल्कधर्मी तो आकडा, विचारते. पीएच २ च्या खाली डेंगे जवळपास बांधलेलेच असतात. तांब्यासारखा आवडता धातू थोड्या आंबट पाण्यातही पकडला जातो, कॅल्शियम-मॅग्नेशियमसाठी पाणी अल्कधर्मीच लागतं.

याचाच फायदा उलटा. पकडलेला धातू सोडवायचा तर मीठ टाकून काही होत नाही, गर्दीला हा डेंगा दाद देत नाही, आम्ल द्यावं लागतं.

एकदा बघायला मिळालं तर नक्की बघा. पेनाच्या जाडीच्या काचेच्या नळीत हे मणी भरायचे, मळकट पांढरे, बारीक रव्यासारखे दिसतात, आणि वरून मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराचं, अगदी फिकं द्रावण सोडायचं. वरचा थर गडद निळा होतो. खालचा पांढराच. आणि ती निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा सरळ, सुरीने कापल्यासारखी, हळूहळू खाली सरकते, खालून पडणारं पाणी मात्र बिनरंगी. मग थोडं आम्ल सोडा, निळा पट्टा खाली घसरायला लागतो, मागचे मणी परत पांढरे, आणि शेवटी नळीच्या टोकाला निळाशार थेंब जमतो. लिटरभर फिक्या पाण्यातलं तांबं चमचाभरात. एक मिलिलिटर मण्यांत साधारण १२ मिलिग्रॅम तांबं मावतं.

माझी फजिती पण सांगून टाकते. आम्लाने धुतलेल्या अवस्थेतले मणी मी नळीत अगदी वरपर्यंत भरले, बुच लावलं आणि वरून कॉस्टिक सोडा चालू केला. आम्ल-रूपातून सोडियम-रूपात जाताना हे रेझिन फुगून जवळपास दुप्पट होतं, हे मी वाचलेलं होतं, पाठ होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. नळीला उभा तडा गेला. तेव्हापासून मी मणी मोकळ्या बीकरमध्ये फुगवते आणि मगच भरते.

## रक्ताचा डाग ते डीएनए

आता नातीचा प्रश्न. १९९१ मध्ये वॉल्श, मेट्झगर आणि हिगुची यांनी या रेझिनची एक फार सोपी कृती छापली आणि ती जगभरच्या फॉरेन्सिक लॅबमध्ये पसरली. खरंच पिठलं करण्याइतकी सोपी आहे.

काही मायक्रोलिटर रक्त किंवा डागाचा छोटा तुकडा एक मिलिलिटर स्वच्छ पाण्यात ठेवायचा, लाल पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन पाण्यात येतं. सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून, म्हणजे जड ते तळाला बसवून, वरचं लाल पाणी टाकून द्यायचं, कारण हिमोग्लोबिन पुढच्या कामात खोडा घालतं. उरलेल्यावर ५ टक्के चेलेक्सचं पाणी, ५६ अंशांवर १५ ते ३० मिनिटं, मग ८ मिनिटं उकळत्या पाण्यात. परत फिरवायचं, मणी तळाला, डीएनए वरच्या पाण्यात.

मण्यांचं इथे काय काम? पेशी उकळून फुटली की डीएनए बाहेर येतोच, पण त्याच्याबरोबर डीएनए कुरतडणारे एन्झाइमही बाहेर येतात, आणि त्या कात्र्या चालायला मॅग्नेशियमसारखा धातू लागतो. शिवाय उकळताना धातूंच्या संगतीत डीएनए जास्त तुटतो. मणी धातू पकडून बसले की कात्री आहे पण खिळा नाही. आणि डीएनए स्वतः ऋण भाराचा, मण्यावरच्या जागाही ऋण भाराच्या, म्हणून तो मण्याला चिकटत नाही, वर राहतो. ट्यूब बदलायची नाही, फिनॉल-क्लोरोफॉर्मसारखी विषारी रसायनं नाहीत, आणि ट्यूब जितक्या कमी बदलाव्या तितकी नमुन्यांची अदलाबदल किंवा भेसळ व्हायची शक्यता कमी. गुन्ह्याच्या केसमध्ये हे फार महत्त्वाचं.

पुढची पायरी पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या लाखो प्रती काढणं. आणि पीसीआरच्या एन्झाइमला मॅग्नेशियम हवंच असतं! वरचं पाणी घेताना दोन-चार मणी जरी पिपेटमध्ये आले तरी ते नव्या ट्यूबमध्ये जाऊन तिथलं मॅग्नेशियम गिळतात. माझा एक अख्खा आठवडा यात गेलाय, प्रती झाल्या का ते जेलवर बघायचं तर तिथे काहीच नाही, रोज नवीन एन्झाइम, रोज नवीन प्रायमर, आणि शेवटी एका सिनियरने ट्यूब उजेडात धरून तळाशी चार मणी दाखवले. काही बोलली नाही, फक्त दाखवले.

उलटी चूकही होते. मणी पटकन खाली बसतात, त्यामुळे सुरुवातीला चेलेक्सचं पाणी ढवळता ढवळता घेतलं नाही तर नमुन्यात नुसतं पाणीच जातं. पिपेटच्या टीपचं टोक ब्लेडने थोडं कापून भोक मोठं करायचं, नाहीतर मणी शिरतच नाहीत.

## "मग सगळे हेच का वापरत नाहीत?"

कारण हा डीएनए साफ नसतो. पाण्यात प्रथिनांचे तुकडे वगैरे तसेच राहतात आणि उकळल्यामुळे डीएनएचे दोन धागे सुटे झालेले असतात. पीसीआरला ते चालतं, पण दुहेरी धागा लागणाऱ्या कामांना चालत नाही, आणि फ्रीजमध्ये वर्षानुवर्षं ठेवायचा असेल तर भरवसा नको. आता सिलिका किंवा चुंबकीय मण्यांचे किट सर्रास वापरतात, डीएनए जास्त शुद्ध मिळतो आणि मशीनवर शेकडो नमुने एकदम होतात. चेलेक्स टिकलंय ते स्वस्त आणि झटपट म्हणून. विद्यार्थ्याने माशाच्या परामधला किंवा मुंगीच्या पायातला डीएनए काढायचा असेल तर मी आजही हेच सुचवते.

## ताक कळकतं तसं

लॅबमधला याचा माझ्या मते खरा उपयोग मात्र पेपरात येण्यासारखा नाही. बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं क्षारांचं पाणी, ते साफ करणं.

आजी पितळेच्या भांड्यात ताक ठेवू द्यायची नाही, कल्हई गेलेली असेल तर अजिबातच नाही, कळकतं म्हणायची. डोळ्यांना न दिसणाऱ्या तांब्याने सगळं ताक बिघडतं. प्रयोगातही तसंच. पेशींवर ऑक्सिजनचा मारा, अँटिऑक्सिडंट, व्हिटॅमिन सी असले प्रयोग करताना बफरमध्ये नावाला जरी लोखंड किंवा तांबं असलं तर तेच मधे पडून ऑक्सिडेशन करतं, आणि तुम्ही समजता की तुमच्या औषधाचा परिणाम दिसला.

"पण आम्ही डिस्टिल्ड पाणी वापरतो!" हो, पण मीठ कुठून आणलं? फॉस्फेटच्या बाटलीचं लेबल वाचा, लोखंड अमुक इतक्यापर्यंत, जड धातू तमुक इतके, सरळ छापलेलं असतं. शिवाय काचेची भांडी, स्टीलचा चमचा. म्हणून बफर तयार झाल्यावर १०० मिलिलिटरला साधारण ५ ग्रॅम मणी टाकून तासभर हळू ढवळायचं आणि गाळून घ्यायचं. नंतर पीएच परत बघायचा, हे विसरू नका, कारण सोडियम-रूपातलं रेझिन स्वतः अल्कधर्मी असतं, पीएच वर नेऊन ठेवतं. आणि धातू घेतला की बदल्यात सोडियम देतं, सीट रिकामी राहत नाही हा नियम इथेही आहेच.

साफ झालं की नाही ते कसं कळणार? १९८८ मध्ये ब्युटनर यांनी एक झकास युक्ती छापली. त्या बफरमध्ये चिमूटभर व्हिटॅमिन सी टाका आणि २६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात ते किती प्रकाश शोषतं याचं रीडिंग १५ मिनिटं बघत बसा. धातू शिल्लक असेल तर व्हिटॅमिन सी खलास होत जातं आणि आकडा घसरतो, साफ असेल तर जागचा हलत नाही. महागडं मशीन नको.

## कोटीत एक

समुद्राच्या पाण्यात तांबं किती आहे हे मोजायचं असेल तर अडचण बघा. लिटरभर पाण्यात सोडियम जवळपास ११ ग्रॅम, आणि खुल्या समुद्रात तांबं एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी. म्हणजे तांब्याच्या वजनाच्या निदान एक कोटी पट सोडियम. असलं खारं पाणी थेट मशीनमध्ये घातलं तर मशीन मिठाने तुंबतं आणि तांब्याचा सिग्नल कुठल्या कुठे बुडून जातो. ऑफिस सुटल्यावर दादरच्या पुलावर एक ओळखीचा चेहरा शोधण्यासारखं.

१९६८ मध्ये रायली आणि टेलर यांनी यावर चिलेटिंग रेझिन वापरलं. पाण्याचा पीएच जुळवायचा, नळीतून सोडायचं, सोडियम सरळ वाहून जातो. कॅल्शियम-मॅग्नेशियम थोडे चिकटतात, त्यांना अमोनियम अ‍ॅसिटेटने हळूच धुवायचं, आणि शेवटी १० मिलिलिटर नायट्रिक आम्लात तांबं, शिसं, कॅडमियम उतरवायचं. लिटरचं १० मिलिलिटर झालं म्हणजे शंभर पट घट्ट, आणि मीठ जवळपास गायब. फक्त जे धातू आधीच सेंद्रिय पदार्थांनी घट्ट धरलेले असतात ते रेझिनकडे येत नाहीत. माहीमच्या खाडीसारख्या पाण्यात आकडा कमी आला म्हणून लगेच खूश होऊ नये, आधी पाण्याला आम्ल-अल्ट्राव्हायोलेटने मोकळं केलंय का ते विचारावं.

ट्रॉम्बेच्या बीएआरसीमध्ये, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, समुद्रातून युरेनियम काढण्यावर काम झालं तेही याच घराण्यातलं, डेंगा वेगळा, अमिडॉक्झिम नावाचा, आणि मण्यांऐवजी कापडासारख्या धाग्यांवर बसवलेला. समुद्रात युरेनियम एका लिटरला ३ मायक्रोग्रॅमच्या आसपास. पाऱ्यासाठी गंधकाचा डेंगा असतो, बोरॉनसाठी साखरेच्या जातीचा. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात मिठाचं पाणी पडद्यापर्यंत जायच्या आधी त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम अब्जात २० भागांच्या खाली आणावं लागतं, नाहीतर महागडा पडदा बाद, ते कामही हेच मणी करतात.

एक उलटा डाव फारच छान आहे. डेंग्यात मुद्दाम निकेल पकडून ठेवायचं आणि त्या निकेलचा आमिषासारखा उपयोग करायचा. हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल निकेलला चिकटतं, म्हणून हव्या त्या प्रथिनाला जनुकातच सहा हिस्टिडीनची शेपटी जोडतात, बाकी सगळी प्रथिनं वाहून जातात आणि हे एक लटकून राहतं. मूळ कल्पना पोराथ यांची, १९७५ ची. बायोटेकच्या कुठल्याही लॅबमध्ये आज जा, निकेलची फिकट निळी नळी दिसणारच.

## "मग घरी वापरू का? शरीरातले धातू काढायला घेऊ का?"

घरच्या जड पाण्याला साधं रेझिन पुरतं आणि ते मिठाने परत चालू होतं. चिलेटिंग रेझिन महाग, आणि ते परत चालू करायला आम्ल आणि मग कॉस्टिक. गच्चीवर वॉचमनने आम्लाचे कॅन हाताळायचे का? नको.

दुसरा प्रश्न काकांनीच विचारला, त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर 'चिलेशन डिटॉक्स' आलं होतं. शिशाची विषबाधा खरोखर झाली असेल तर डॉक्टर दवाखान्यात चिलेशनचं औषध देतात, पण ते विरघळणारं औषध, मणी नव्हेत, आणि रक्ताची तपासणी करत करत देतात. डेंगा तुमचं कॅल्शियमही ओढतो. २००३ ते २००५ मध्ये अमेरिकेत चुकीच्या प्रकारचा ईडीटीए दिल्याने रक्तातलं कॅल्शियम कोसळून माणसं दगावली आहेत, त्यात दोन लहान मुलं होती. उगाच 'शरीर साफ करायला' म्हणून घेण्याची ही गोष्ट नाही. काकांनी मेसेज डिलीट केला, निदान माझ्यासमोर तरी.

नातीला मी लॅबमध्ये बोलावलंय, ती मोरचुदाची नळी बघायला. तिने विचारलं, ताई, निळे झालेले मणी फेकून देता का? नाही, आम्लाने धुवायचे, पाण्याने, मग कॉस्टिकने, परत पाण्याने, आणि बाटलीत ओले ठेवायचे. आमच्याकडची एक बाटली कितव्यांदा फिरतेय ते मीही मोजलेलं नाही.